मातीचा बांध टिकतो कशावर आणि फुटतो कशाने

मला विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत: मातीचा बांध ही काँक्रीटच्या किंवा दगडी भिंतीची स्वस्तातली बदली आहे का? पाणी वरून जाणार नाही एवढी उंची दिली की तो सुरक्षित झाला असं समजायचं का? दगड मिळत असतानाही किल्ल्यांना मातीचे तट का घालत? आणि पुरात बांधाजवळ राहणाऱ्यांनी काय पाहायचं?

पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. धरणांच्या आणि पूररोधक बांधांच्या मातीकामात मी बरीच वर्षं काढली. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की बांधाविषयीचं बोलणं उंचीपासून सुरू होतं आणि उंचीपाशीच संपतं. बांध किती उंच आहे यापेक्षा त्याच्या पोटात शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट कुठून आणि कशी दिली आहे, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

आधी एक साधा हिशोब करू. दहा मीटर उंच, माथ्यावर पाच मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना अडीचास एक असा, म्हणजे अडीच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढणारा, उतार दिलेला बांध घ्या. त्याचा तळ पंचावन्न मीटर रुंद होतो. अशा बांधाच्या एक मीटर लांबीच्या पट्ट्याचं वजन साडेपाचशे टनांच्या वर जातं. पाणी माथ्याला टेकलं तरी त्याच पट्ट्यावर पाण्याचा आडवा धक्का पन्नास टनांचा असतो. वजन धक्क्याच्या दहापटीहून जास्त. म्हणून 'पाण्याच्या रेट्याने बांध ढकलला गेला' हे वाक्य बातमीत वाचलं की समजावं, खरं कारण वेगळं आहे. नीट घातलेला मातीचा बांध पाण्याच्या रेट्याने सहसा सरकत नाही. तो आतून पोखरला जातो, वरून धुपतो, किंवा त्याच्या पायाखालची माती निसटते.

मातीतून पाणी पाझरतंच. चिकणमातीतून अगदी सावकाश, वाळूतून भराभर, पण पाझरतंच. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आंरी दार्सीने १८५६ साली वाळूच्या थरातून जाणाऱ्या पाण्याचं गणित मांडलं, ते आजही प्रत्येक बांधाच्या आराखड्यात वापरलं जातं. म्हणजे बांधाने पाणी पूर्णपणे अडवावं ही अपेक्षाच चुकीची. बांधाच्या आत पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे उतरत जाणारी एक ओली रेषा तयार होते, तिला आम्ही पाझररेषा म्हणतो. तिच्या खालची माती पूर्ण भिजलेली असते. ही रेषा बांधाच्या पोटातच खाली उतरून पायथ्याच्या निचऱ्यात गेली तर बांध वर्षानुवर्षं उभा राहतो. तीच कोरड्या बाजूच्या उतारावर मध्येच कुठेतरी बाहेर आली, तर तो उतार मऊ पडतो, ढासळतो, आणि प्रत्येक ढासळण्याबरोबर पाण्याची वाट आखूड होत जाते.

भिजलेली माती कमजोर का होते, याचं नेमकं उत्तर कार्ल टेरझागी या इंजिनिअरने १९२० च्या दशकात दिलं. मातीची ताकद कणाने कणावर दिलेल्या दाबातून, त्यांच्यातल्या घर्षणातून येते. कणांमधल्या पोकळीत दाबाखालचं पाणी भरलं की ते भाराचा काही वाटा स्वतः उचलतं, कण एकमेकांवर सैल टेकतात आणि घर्षण कमी होतं. वजन तेवढंच, माती तीच, ताकद मात्र निम्मी. धरणातलं पाणी झपाट्याने खाली घेतलं तर पाण्याच्या बाजूचा उतार घसरतो तोही याच कारणाने. बाहेरचा आधार गेलेला असतो आणि आतलं पाणी अजून निघालेलं नसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुई धरणाचा पाण्याकडचा उतार १९८१ साली असाच घसरला. म्हणून पूर ओसरायला लागला की लोक सुटकेचा श्वास टाकतात तेव्हा आम्ही उतार पाहत फिरत असतो.

आता पोखरण्याविषयी थोडं सविस्तर, कारण सगळ्यात फसवा प्रकार तोच. पाझर बाहेर पडतो त्या ठिकाणी पाण्याचा वेग पुरेसा असेल तर तो मातीचा एक कण सोबत नेतो. मग दुसरा. भोक कोरड्या बाजूला सुरू होतं आणि पाण्याच्या दिशेने मागे मागे सरकत जातं. वाट जितकी आखूड, तितका वेग जास्त, आणि वेग जितका जास्त तितकं पोखरणं जलद. सुरुवातीचे कित्येक महिने काहीच दिसत नाही, आणि शेवटचे काही तास मात्र हाताबाहेर असतात.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातलं टीटन धरण ५ जून १९७६ रोजी फुटलं. त्र्याण्णव मीटर उंच, नवंकोरं, आणि पहिल्यांदाच भरत असलेलं. सकाळी गढूळ पाझर दिसला, भोक मोठं होत गेलं, ते बुजवायला दोन बुलडोझर माती लोटत राहिले, शेवटी तेही त्या भोकात गेले. दुपारी बाराच्या आत धरण फुटलं होतं. उंची कमी पडली नव्हती. धरणाच्या गाभ्याला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मधल्या भागाला, वाऱ्याने वाहून आणलेली, पिठासारखी बारीक गाळाची माती वापरली होती, आणि ती भेगाळलेल्या खडकात खोदलेल्या चरात थेट भेगांना टेकवली होती. भेगांतून पाणी आलं आणि माती घेऊन गेलं. माती आणि भेगा यांच्यामध्ये योग्य गाळणथर नव्हता.

हा गाळणथर हा मातीच्या बांधाचा जीव आहे असं मी मानतो. कल्पना अशी की पाण्याला जाऊ द्यायचं आणि मातीला थांबवायचं. त्यासाठी गाभ्याच्या कोरड्या बाजूला निवडक वाळूचा उभा थर, तळाशी आडवा थर, आणि शेवटी दगडांचा पायथा देतात. पण वाळू कुठलीही चालत नाही. फार जाड असेल तर माती तिच्या फटींतून निसटेल, फार बारीक असेल तर पाणीच तुंबेल. टेरझागीचा नियम असा आहे: चाळणी लावून मातीतले ८५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक निघतात तो आकार मोजा. वाळूतले १५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक निघतात तो आकार त्याच्या चार-पाच पटींपेक्षा मोठा नको. कागदावर एका ओळीचा नियम आहे, पण साइटवर तो पाळणं अवघड. वाळूचे ट्रक येतात, उंच ढिगावरून ओतले की जाड कण घरंगळून कडेला जातात आणि बारीक कण मध्ये राहतात. प्रयोगशाळेत पास झालेली वाळू अशा वेळी थरात नापास असते. म्हणून नमुना ट्रकमधून न घेता पसरलेल्या थरातून घ्यायचा. गाभ्याच्या चिकणमातीने माखलेल्या चाकांचे डंपर या वाळूवरून फिरू द्यायचे नाहीत, ही छोटी वाटणारी गोष्टही तितकीच महत्त्वाची.

दुसरी तेवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दबाई. रॅल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरने १९३३ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक मातीला पाण्याचं एक ठरावीक प्रमाण असतं, त्या ओलाव्याला ती सर्वात घट्ट दबते. कोरडी असेल तर ढेकळं ढेकळांवर अडून राहतात, पोकळ्या उरतात, आणि पहिल्यांदा पाणी भरल्यावर तो भराव बसतो. फार ओली असेल तर रोलरखाली रबरासारखी हलते, दबत नाही. प्रयोगशाळेचा निकाल हाती येईपर्यंत हातानेच अंदाज घ्यायचा असतो. मूठभर माती घट्ट आवळायची. बोटं उघडल्यावर गोळा तसाच राहिला, कमरेच्या उंचीवरून पाडल्यावर दोन-चार तुकडे झाले, आणि तळहाताला ओल लागली पण चिखल लागला नाही, तर काम सुरू करायला हरकत नाही. भुगा झाला तर पाणी शिंपडा, लगदा झाला तर पसरून वाळू द्या. थर वीस-पंचवीस सेंटिमीटरचेच घ्यावेत, आणि नवा थर टाकण्याआधी खालच्या थराचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग खरवडून किंचित ओला करावा. हे टाळलं की दोन थरांच्या मध्ये चकचकीत सांधा राहतो आणि पाझर नेमका तोच शोधून काढतो.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे जिथे माती दुसऱ्या कशाला तरी भिडते. बांधातून जाणारा पाइप, विमोचकाचा (धरणातलं पाणी खाली सोडायच्या दाराचा) नळ, सांडव्याची (जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेची) भिंत. तिथे मोठा रोलर पोचत नाही, हाताने धुम्मस मारावं लागतं, संध्याकाळ झालेली असते आणि काम उरकायची घाई असते. शिवाय माती बसते पण काँक्रीट बसत नाही, त्यामुळे कडेला फट पडते किंवा भराव वेडावाकडा खचतो. पुण्याजवळचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं ते विमोचकाचं काम अर्धवट असताना पावसाळ्याचं पाणी साठल्यामुळे. विमोचकाच्या भागातला भराव खचत गेला, माथा खाली आला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी शेवटी पाणी माथ्यावरून गेलं. त्या लोंढ्यात खालचं खडकवासला धरणही फुटलं, आणि ते दगडी होतं. 'दगड म्हणजे पक्कं' असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माथ्यावरून पाणी जाणं मात्र मातीला खरोखर सोसत नाही, ते मान्य करायला हवं. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमध्ये मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण फुटलं तेव्हा मधला दगडी सांडवा उभाच होता, दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले. सांडव्याची क्षमता आलेल्या पुराच्या मानाने फार कमी होती. तेव्हा मातीच्या धरणाची उंची ठरवताना पहिला प्रश्न 'सांडवा किती पाणी सोडू शकतो' हा असतो. सांडवा अपुरा असेल तर माथा दोन मीटर उंच केल्याने फक्त फुटताना खाली येणारं पाणी वाढतं.

समुद्राच्या बांधाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे लाटा माथ्यावर थोड्याफार चढणारच. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. तिथले अनेक बांध समुद्राच्या बाजूने फुटलेच नाहीत. लाटांचं पाणी माथ्यावरून पलीकडे सांडलं आणि जमिनीकडचा उतार, जो जागा आणि माती वाचवायला उभट ठेवला होता, तो आधी भिजून घसरला. मागचा आधार गेल्यावर पुढचा भाग आपोआप गेला. समुद्राकडच्या उतारावर दगडांचं अस्तर (पिचिंग), जमिनीकडे दुर्लक्ष, ही चूक जगभर होते. आता तिथे जमिनीकडचा उतार साधारण तीनास एक इतका सपाट ठेवतात आणि त्यावर चिकणमातीचा जाड थर देऊन दाट गवत राखतात. गवताला शोभेची गोष्ट समजू नका. चिकणमातीत घट्ट विणलेली मुळं काही तास पाणी सांडू देऊनही पृष्ठभाग धरून ठेवतात. पण गवत विरळ असेल, मध्ये मध्ये काटेरी झुडपं आणि उघडी माती असेल, तर त्याच उघड्या जागी धूप सुरू होते. मोठी झाडं तर नकोतच. वाऱ्याने झाड उन्मळलं की मुळांसकट बांधाचा तुकडा जातो, आणि मेलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. बीळ करणाऱ्या प्राण्यांचंही तेच. मस्करॅट नावाचा घुशीसारखा प्राणी पकडायला नेदरलँड्समध्ये पगारी माणसं ठेवली आहेत, ती उगीच नाही.

उताराबद्दल आणखी एक इतिहास आहे. अठराव्या शतकापर्यंत डच बांधांना समुद्राकडून लाकडी खांबांचं उभट आवरण असे. १७३१ मध्ये त्या खांबांत लाकूड पोखरणारा समुद्री किडा सापडला आणि बघता बघता आवरणं आतून पोकळ झाली. पर्याय म्हणून परदेशातून दगड आणून निवांत उतारावर बसवावा लागला. खर्च प्रचंड झाला, पण त्यातून बांध आधीपेक्षा चांगले झाले. उभ्या भिंतीवर लाट आपटते, परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उकरून नेते. निवांत उतारावर लाट चढता चढताच दमते. ज्या किनाऱ्यावर जागा आहे तिथे उभी काँक्रीट भिंत घालण्याच्या मी विरोधात आहे, ती याच कारणाने. भिंत दिसते भक्कम, पण तिचा पायथा दरवर्षी उघडा पडत जातो.

जागा नसते तेव्हा लोक मातीच्या बांधावरच पातळ भिंत उभी करून उंची मिळवतात. न्यू ऑर्लिन्समध्ये १७व्या रस्त्याच्या कालव्यावर अशीच भिंत होती. २००५ च्या कतरिना वादळात ती पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच गेली. पाण्याच्या दाबाने भिंत किंचित कलली, तिच्या आणि मातीच्या मध्ये पाण्याच्या बाजूला फट पडली, फटीत पाणी भरलं, आणि त्या दाबाने खालच्या मऊ चिकणमातीवरून मागचा सगळा बांध घसरला. उंची पुरेशी होती, पायाखालची माती पुरेशी नव्हती. याच्या अगदी उलट प्रकार ऑगस्ट २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या विल्निस गावी घडला. पूर नव्हता, पाऊसही नव्हता. कडक उन्हाळ्यात, सडलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या पीट मातीचा बांध वाळून हलका झाला, त्याचं वजनच कमी पडलं, आणि कालव्याच्या नेहमीच्या पाण्याने तो आडवा सरकवला. वर मी म्हटलं की बांध ढकलला जात नाही, त्याला हा खराखुरा अपवाद. तेव्हापासून तिथे दुष्काळातही बांधांची पाहणी होते.

आता किल्ल्यांकडे. मातीचा गुण असा की ती तुटत नाही, दबते. गोळा आपटला की दगडी भिंतीला तडा जातो, तडा पसरतो, आणि ढासळलेल्या दगडांचाच उतार हल्लेखोराला चढायला मिळतो. मातीत गोळा रुततो, खड्डा पडतो, रात्री फावड्याने तो भरता येतो. याचा जवळजवळ प्रयोगासारखा पुरावा अमेरिकी यादवी युद्धात मिळतो, कारण एका विटांच्या आणि एका मातीच्या किल्ल्यावर हल्ला करणारा सेनानी एकच होता, क्विन्सी गिलमोर. एप्रिल १८६२ मध्ये त्याने फोर्ट पुलास्कीच्या साडेसात फूट जाड विटांच्या भिंती आटे पाडलेल्या नळ्यांच्या तोफांनी साधारण तीस तासांत फोडल्या. पुढच्या वर्षी त्याच्यासमोर वाळू आणि मातीचा फोर्ट वॅग्नर आला. जुलैमधले दोन थेट हल्ले फसले, जमिनीवरून आणि जहाजांवरून आठवडेच्या आठवडे मारा झाला, आणि तो हाती आला सप्टेंबरमध्ये, तोही बचाव करणारे रातोरात निघून गेल्यावर.

आपल्याकडचं उदाहरण भरतपूर. १८०५ च्या सुरुवातीला, यशवंतराव होळकर जाटांच्या आश्रयाला असताना, इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा माघार घेतली. किल्ला पडला १८२६ मध्ये, आणि तेव्हाही खरी वाट झाली ती तटाखाली सुरुंग उडवून. म्हणजे मातीच्या तटाची कमजोरी तीच, जी मातीच्या बांधाची. समोरचा मारा तो सोसतो, खालून पोखरला की जातो.

राहिला नदीचा बांध, जिथे उंची वाढवायची मागणी सर्वात जास्त होते. गाळ वाहणाऱ्या नदीला दोन बांधांत कोंडलं की गाळ त्याच पट्ट्यात बसतो आणि पात्र वर येतं. मग बांध उंच करायचा, पुन्हा पात्र वर येतं. शेवटी नदी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहते. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसाहा इथे कोसीचा बांध फुटला, तेव्हा नदीतला प्रवाह बांधाच्या ठरवलेल्या क्षमतेच्या कितीतरी खाली होता. प्रवाह काठाकडे सरकून बांधाला आणि त्याच्यापासून नदीत काढलेल्या आडव्या धक्क्यांना (स्परना) खात होता, उंचीचा काही संबंध नव्हता. उंची वाढवायचीच असेल तर आधी पायाची माती तपासा, मग तळ रुंद करा, नवा भराव जुन्या उतारावर पायऱ्या खोदून बसवा, आणि निचरा नव्या पायथ्यापर्यंत न्या. नुसती माथ्यावर माती चढवणं म्हणजे तोच उतार उभट करणं आणि मऊ पायावर जास्त भार टाकणं.

शेवटी, बांधाजवळ राहणाऱ्यांनी पुरात काय पाहायचं, कारण तेही विचारलं आहे. कोरड्या बाजूने पायथ्याने चाला, माथ्यावरून नाही. ओल दिसली तर घाबरू नका, पाणी स्वच्छ आहे की गढूळ ते पाहा. स्वच्छ पाझर बहुतेक वेळा चालतो, तो वाढतोय का एवढं खूण करून पाहत राहायचं. गढूळ पाणी म्हणजे माती बाहेर येते आहे. जमिनीतून उमाळा फुटून भोवती वाळूचं आळं तयार होत असेल तर त्याच्या तोंडावर पोती टाकून ते बंद करायचा मोह होतो, तसं करू नका. दाब आतच राहतो आणि दोन हातांवर दुसरीकडे फुटतो. उमाळ्याभोवती पोत्यांचं गोल कडं रचा आणि आत पाणी चढू द्या. आतल्या पाण्याची उंची वाढली की दोन्ही बाजूंमधला फरक कमी होतो आणि वेग मंदावतो. पाणी निवळायला लागलं की कडं आणखी उंच करू नका, त्याला एका बाजूने पाणी वाहून जायला मोकळी जागा ठेवा, आणि तिथे रात्रभर कोणीतरी बॅटरी घेऊन बसेल अशी व्यवस्था करा.